अर्धं कॉलेज

आमच्या इकडच्या कॉलेजला गावात सगळे 'अर्धं कॉलेज' म्हणायचे. प्राध्यापकांच्या तोंडावरसुद्धा म्हणायचे, आमच्या लोकांना भीड कसली ती नाहीच. आर्ट्सवाल्यांचं ते पूर्ण होतं, सायन्सवाल्यांचं अर्धं. म्हणजे अकरावीची मॅट्रिक झाली की एफ.वाय. करा, इंटर करा, आणि मग रामराम. पुढची दोन वर्षं, ज्यांच्याशिवाय नावापुढे बी.एस्सी.चं शेपूट लागत नाही, ती मुंबईच्या कॉलेजात. युनिव्हर्सिटी एकच होती, पेपर तेच होते, त्यामुळे इथले मार्क तिथे चालायचे. फक्त इथून नाव काढून तिथे घालायचं. हा 'फक्त' कुणी शोधून काढला देव जाणे.

मी गेले ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. दहावी-बारावीची नवी पद्धत अजून यायची होती. कॉलेज म्हणजे एका शाळेच्या मागची कौलारू लांबट इमारत. लॅबमध्ये गॅस नव्हता, स्पिरिटचे दिवे होते. ते वाऱ्याने विझायचे, म्हणून खिडक्या बंद, आणि खिडक्या बंद म्हणून सडक्या अंड्यांचा तो वास सगळा आमच्याच नाकात. केमिस्ट्रीचे सर घाटावरचे, विरारला खोली घेऊन राहायचे. ते म्हणायचे, "मुलांनो, हे अर्धं कॉलेज नाही, हा पूल आहे. पुलावर घर बांधायचं नसतं, पलीकडे जायचं असतं." आमच्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलामुलींनी पुलावरच घर बांधलं. कुणी बँकेत चिकटलं, कुणी प्राथमिक शाळेत, मुलींची लग्नं झाली. इंटर पास म्हणजे काही कमी नव्हतं तेव्हा.

मला पलीकडे जायचं होतं. का, ते विचारू नका, तेव्हाही मला नीट सांगता आलं नव्हतं. अर्धी वाटी भात वाढून ताट पुढून उचललं तर माणूस जसा चिडतो, तशी मी चिडायचे. बस, एवढंच कारण.

आम्ही वसईचे बागायती ख्रिस्ती. घरात आमची बोली वेगळी आहे, ती इथे लिहिली तर तुम्हाला निम्मी कळायची नाही, म्हणून पुस्तकी मराठीत सांगते. केळी, पानवेल, थोडी फुलं, भाजी. घर राजोडीच्या अलीकडच्या गावात. आमचं आणि थोरल्या काकांचं घर एकाच अंगणात, समोरासमोर. काका बाबांचे सख्खे भाऊ. त्यांना मूलबाळ नव्हतं. काकीचा जीव माझ्यावर, आणि काकांचा धाक माझ्यावर, अशी वाटणी होती.

बाबांनी मला कॉलेजात घातलं ते एका अटीवर. "दोन वर्षं डोळ्यांसमोर आहेस तोवर शीक. पुढचं मग बघू." आमच्याकडे 'मग बघू' म्हणजे नाही. पण इंटरच्या वर्षी काय झालं कोण जाणे, बाबा भाजी घेऊन मुंबईच्या मार्केटात गेले होते, तिथून ते थेट त्या कॉलेजच्या फाटकापर्यंत जाऊन आले. आत गेले नाहीत. घरी येऊन पाय धुता धुता म्हणाले, "फाटक मोठं आहे गो. मुली पुष्कळ दिसल्या. साध्याच होत्या." आईने माझ्याकडे बघितलं. मी आईकडे बघितलं. तेवढंच. पण ते ठरलं. बाबा कुठलीही गोष्ट अशीच ठरवायचे, पायांवर पाणी ओतता ओतता.

परीक्षा झाली आणि निकालाच्या आधी बाबा गेले. सकाळी केळीला पाणी सोडायला गेले ते परत आले नाहीत. पाणी पाटातून वाहत रस्त्यावर आलं, तेव्हा शेजाऱ्याला शंका आली. छातीत काहीतरी झालं म्हणाले.

आता इथे आमच्याकडची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. कुणी गेलं की आधी देवळात निरोप जातो. देऊळ म्हणजे चर्च, आम्ही वसईवाले चर्चला देऊळच म्हणतो. मग मयताची घंटा वाजते. ती सावकाश, एकेक ठोका सुटा सुटा वाजते, त्यामुळे कुणालाही ओळखू येते. ऐकणारा जिथे असेल तिथे उभा राहतो, क्रूस करतो, गेलेल्यासाठी प्रार्थना म्हणतो. आणि ज्याच्या घरचं, भावकीचं माणूस गेलं असेल तो जिथून असेल तिथून मागे फिरतो. घंटा ऐकून पुढे गेलेल्या माणसाचं नाव आमच्या गावात वाईट अर्थाने वर्षानुवर्षं घेतलं जातं. घरात मयत असेतोवर केर काढत नाहीत. अंगणही झाडत नाहीत. चूल पेटत नाही, शेजारून पेज येते. आणि महिन्याची मिस्सा, म्हणजे गेलेल्यासाठी देवळात होणारी उपासना, होईपर्यंत घरच्यांनी कुठल्याही पुढच्या कामाला हात घालायचा नाही. लग्नाचं बोलायचं नाही, खरेदी नाही, गावाबाहेर जाणं नाही.

या रीतीबद्दल मला अजूनही राग नाही, हे आधीच सांगून ठेवते. कारण तिची दुसरी बाजूही आहे. मयताच्या घरासाठी सगळं गाव थांबतं. आमच्या बागेला तो महिनाभर शेजाऱ्यांनी पाणी दिलं, आम्ही सांगितलंसुद्धा नाही. खाली आळीत एक लग्न ठरलं होतं, ते त्यांनी आपणहून पुढे ढकललं. दुकानदाराने काही मागितलं नाही, वाणसामान मात्र येत राहिलं. मयताचं घर आहे, एवढं म्हटलं की बस. वारासुद्धा थांबेल असं वाटायचं.

मला त्या दिवसांतलं दुःख आठवत नाही. खरंच नाही. काळा फ्रॉक आठवतो. तो काकीने रातोरात शिवला होता आणि काखेत घट्ट होता. भिंतीला पाठ लावून बसायची जागा आठवते. बायका यायच्या, गळ्यात पडून रडायच्या, मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचे. एक बाई म्हणाली, "पोरगी दगड झाली." झाले असेन. मला भूक लागायची, झोप यायची, बाकी काही यायचं नाही. बाबांच्या फुलांच्या पाकळ्या जमिनीवर पडल्या होत्या, केर काढायचा नाही म्हणून तशाच होत्या, आणि मी त्यांच्याकडे बघत बसायचे. पेटी घराबाहेर गेल्यावर काकीने खराटा घेतला आणि सगळं झाडून काढलं. त्या आवाजाने मला एकदम कळलं की बाबा गेले. कळलं, पण वाटलं काहीच नाही.

त्यातच निकाल लागला. मला फर्स्ट क्लास मिळाला होता. केमिस्ट्रीचे सर सांत्वनाला आले, ओटीवर टोपी हातात घेऊन बसले. त्यांना आमच्या रीती ठाऊक नव्हत्या, पण मयताच्या घरात काय बोलू नये एवढं कुठल्याही माणसाला कळतं. त्यामुळे ते आईशी बोलले नाहीत, काकांना बाजूला घेऊन बोलले. बाजूला म्हणजे माझ्या खिडकीखालीच.

"निकाल उत्तम आहे. मुंबईच्या कॉलेजात लगेच जायला हवं. बाहेरच्या मुलांना जागा थोड्या असतात."

काका म्हणाले, "सर, मयताचं घर आहे. महिन्याची मिस्सा होऊ दे. कॉलेज कुठे पळून जातंय?"

"कॉलेज पळत नाही हो, पण..."

"पण काय? बाप गेलाय तिचा. त्यांनाही मुलंबाळं असतील की."

सरांनी बाबांच्या फोटोपुढच्या मेणबत्तीकडे बघितलं आणि टोपी डोक्यावर घालून ते गेले. मी हे सगळं शब्दन् शब्द ऐकलं. उठून बाहेर यायचं, काका, असं नका करू, म्हणायचं. एवढीच गोष्ट होती. पण मला वाटत होतं, हे दुसऱ्या कुठल्या तरी मुलीबद्दल चाललंय. तिचं काय होतंय याची मला थोडीशी उत्सुकता होती, इतकंच.

आणि आईचं म्हणाल, तर आईला काळजीच नव्हती. तिला मनापासून वाटत होतं की थांबतील. का नाही थांबणार? सगळे थांबतात.

महिन्याची मिस्सा झाली आणि दुसऱ्याच दिवशी आई मला घेऊन मुंबईला निघाली. विधवा बाई, अंगावर सगळं काळं, आयुष्यात मुंबईला गेली असेल ती फुलं घेऊन. ते फाटक खरंच मोठं होतं. बाबा उगाच सांगत नव्हते. आत ऑफिसात खिडकीमागे एक क्लार्क बसला होता, चष्मा कपाळावर चढवलेला. माझी मार्कशीट बघून तो म्हणाला, "मार्क चांगले आहेत. पण बाहेरच्यांच्या जागा केव्हाच भरल्या, बाई. वर्ग सुरू झाले."

आई म्हणाली, "आमच्या घरात मयत झालं."

"अरेरे. वाईट झालं."

आई थांबून राहिली. आता तो पुढचं बोलेल, जागा काढून देईल, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तो काही बोलेना, तेव्हा तिला वाटलं त्याने नीट ऐकलं नाही. ती पुन्हा म्हणाली, "हिचा बाप गेला. म्हणून आलो नाही. आम्हाला वाटलं, थांबतील."

तो क्लार्क वाईट माणूस नव्हता. त्याने चष्मा काढला, पुसला. म्हणाला, "आई, कॉलेजला कसं कळणार?"

हे वाक्य आईच्या डोक्यात शिरेच ना. परत येताना ती गाडीत दोनदा म्हणाली, "त्याला सांगितलं तरी." मी खिडकीबाहेर बघत होते. मिठागरं गेली, खाडीचा पूल गेला. मला आईची कीव यायला हवी होती. ती नंतर आली, तेव्हा नाही.

एक मात्र झालं. निघताना त्या क्लार्कने मागून हाक मारली आणि सांगितलं, पुढच्या वर्षी या. मधलं वर्ष वाया गेलं तरी चालतं, त्याचं कारण खरं असलं की झालं. पण बाहेरच्या कॉलेजातून येणाऱ्यांसाठी एकच दिवस असतो. त्या दिवशी मुलीने स्वतः हजर राहायचं, विभागप्रमुख बोलावून दोन प्रश्न विचारतात. तो दिवस चुकला की संपलं. "आणि दुसऱ्यांदा मी काही करू शकणार नाही," असंही म्हणाला. पहिल्यांदा काय केलं होतंस बाबा, असं मला विचारावंसं वाटलं.

मग ते वर्ष. काय सांगू त्याच्याबद्दल? केळीचे पोंगे मोजावेत तसे दिवस. काळा फ्रॉक उसवला, पुन्हा शिवला. सकाळी फुलं तोडायची, पानं लावायची, संध्याकाळी रोझरीची प्रार्थना. गावातल्या बायका मला समजवायच्या, "इंटर झालीस ना, मग पुष्कळ झालं. बी.एस्सी. होऊन काय विमान उडवणारेस?" एक स्थळ चौकशीला आलं. दुखवट्याचं वर्ष असल्यामुळे उघड नाही, आडून आडून. त्यांचं म्हणणं, मॅट्रिक असती तर बरं झालं असतं, इंटर जरा जास्त होतं. मी आईला म्हटलं, अर्धी पिकलेली केळी बाजारात कुणी घेत नाही गो, एकतर कच्ची हवीत नाहीतर पिकलेली. आई हसली नाही. त्या वर्षी आमच्या घरात कुणी हसायचं नाही.

काका मला टाळायचे. माणूस मोठा अभिमानी, चुकलो म्हणून सांगणाऱ्यातला नव्हे. पण आमच्या मागच्या पायरीवर सकाळी केळीचा घड ठेवलेला दिसायचा, कधी शहाळी, कधी रताळी. ठेवून निघून जायचे. काकी मात्र त्यांना सोडायची नाही. अंगणापलीकडून ऐकू यायचं, "तुमच्या एका शब्दानं पोरीचं वर्ष गेलं. कॉलेज पळत नाही म्हणे! पळालं की नाही?" काका म्हणायचे, "मला काय ठाऊक गो. आपल्यात सगळे थांबतात." त्यावर काकी भांडं आपटायची.

हिवाळ्यात काकांचा दमा वाढला. उन्हाळ्यापर्यंत ते अंथरुणाला खिळले. डॉक्टर येऊन गेले की काकीशी हळू आवाजात बोलायचे. तिचा चेहरा बघून सगळं कळायचं.

जून आला. बाबांच्या वर्षाची मिस्सा झाली आणि आई म्हणाली, "आता काळं काढ." मग सर आले, विरारहून सायकल मारत. या वेळी ते पुरुषांकडे वळलेच नाहीत. सरळ आमच्या मागच्या दाराशी आले, जिथे आई आणि काकी पानं लावत बसल्या होत्या, आणि दोघींना दिवस सांगितला. पुन्हा पुन्हा सांगितला, लहान मुलांना सांगावा तसा. काकीने तो दिवस घोकून ठेवला. मी विसरले असते, ती विसरली नसती.

आदल्या संध्याकाळी मी काकांना बघायला गेले. ते उशांना टेकून बसले होते, श्वास घेताना गळ्यातून शिट्टीसारखा आवाज यायचा. मला बघून म्हणाले, "उद्या ना गो तुझं?"

"हो."

"सकाळची एसटी चुकवू नको."

वर्षभरात ते माझ्याशी एवढंच बोलले. मी "नाही चुकवत" म्हटलं आणि आले.

सकाळी आईने उठवलं तेव्हा नुकतं फटफटत होतं. चहा तयार होता. आई बोलत नव्हती, पण ती तशी वर्षभरच बोलत नव्हती, त्यामुळे मला काही वेगळं वाटलं नाही. तिने माझी वेणी घातली ती इतकी आवळून, की कपाळ ताणलं. "आई, दुखतंय," म्हटलं तर म्हणाली, "दुखू दे." मी निळा फ्रॉक घातला. वर्षाने पहिल्यांदा रंग अंगावर आला, तर अंगणात पाऊल टाकताना कुणी बघेल की काय असं झालं.

समोर काकी अंगण झाडत होती. रोजच्यासारखी, वाकून, पदर खोचून, खराट्याने खर्र खर्र. मला बघून उभी राहिली. म्हणाली, "छान दिसतेस गो बाय."

"काका उठले?"

"झोपलेत. शांत झोपलेत आज. नको उठवू." मग खराट्याचं टोक माझ्या दिशेने करून म्हणाली, "जा आता. वाटेत कुणी हाक मारली तरी थांबायचं नाही. मागं फिरायचं नाही. कळलं?"

मला वाटलं, शुभ कामाला जाताना म्हणतात तसं म्हणतेय. मी "बरं" म्हटलं. वळणावर जाऊन मागे बघितलं तर ती तशीच उभी होती, झाडत नव्हती.

एसटीच्या थांब्यावर राजोडीची एक कोळीण टोपली घेऊन बसली होती, विरारच्या बाजाराला निघालेली. एसटी दिसली, आणि त्याच वेळी मागून देवळाची घंटा आली. एकेक ठोका, सुटा सुटा. वारा समुद्राकडून होता, त्यामुळे अगदी कानाशी वाजल्यासारखी. कोळीण माझ्या गळ्यातला क्रूस बघून म्हणाली, "कोन गेलं गं तुमच्यात?"

मी क्रूस केला. प्रार्थना म्हटली. आणि हो, पहिलं नाव माझ्या मनात काकांचंच आलं. कुणाच्याही मनात आलं असतं. पाऊल मागे वळलंसुद्धा. पण लगेच आठवलं की काकी अंगण झाडत होती. ज्या घरात मयत आहे त्या घरात केर काढत नाहीत. काकीसारखी बाई तर मेली तरी काढणार नाही. मग काका नव्हेत. दुसरं कुणीतरी असेल, गावात म्हातारी माणसं काय कमी आहेत? माझा जीव भांड्यात पडला. कोळणीला म्हटलं, "ठाऊक नाही बाई," आणि एसटीत चढले.

कॉलेजचं सांगण्यासारखं फार नाही. तोच क्लार्क होता. त्याने मला ओळखलं. "आई नाही आल्या?" "एकटीला पाठवलं." विभागप्रमुखांनी दोन नव्हे, चार प्रश्न विचारले, त्यांतले तीन मला आले. गॅस नसलेल्या लॅबमध्ये तुम्ही करता काय, असंही विचारलं. मी म्हटलं, खिडक्या बंद करतो. ते हसले आणि त्यांनी सही केली. वर्षभर ज्याची वाट बघितली ते एवढ्या वेळात झालं. मी त्या मोठ्या फाटकातून बाहेर आले, रस्त्यावर उभी राहिले, आता आनंद होईल म्हणून जरा वेळ थांबले. काही झालं नाही. मग वडापाव खाल्ला आणि परत निघाले.

वळणावर आले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. आमच्या अंगणातून माणसं बाहेर पडत होती. सगळी काळ्या कपड्यांत. दफनावरून परत येऊन, हात धुऊन, आपापल्या घरी निघालेली. माझा निळा फ्रॉक बघून ती बाजूला झाली.  एका म्हातारीने तोंड फिरवलं आणि दुसरीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "सख्ख्या काकाच्या मातीला नव्हती."

आई दारात उभी होती. ती पुढे येऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असं, मोठ्याने म्हणाली, "तिला ठाऊक नव्हतं. घंटेच्या आधी गेली ती. कुणी सांगितलंच नव्हतं तिला." आई कधी मोठ्याने बोलायची नाही. ते वाक्य तिने बहुतेक सकाळपासून तयार ठेवलं होतं, वेणी घालत असल्यापासून.

काकी आपल्या ओटीवर भिंतीला पाठ लावून बसली होती, वर्षापूर्वी मी बसले होते तशी. भोवती बायका. एक जण माझ्या कानाशी लागली, "सकाळपासून डोळ्यांतून टिपूस नाही काढलं. माती देतानासुद्धा नाही. पहाटेच गेला म्हणे तो, उजाडायच्या आधी. मग देवळात निरोप इतका उशिरा का धाडला, कुणाला कळेना. आणि बघ की, अंगण झाडलंय! मयत आत असताना!"

मी अंगणाकडे बघितलं. इतक्या माणसांच्या पायांनी मधला भाग विस्कटला होता, पण कडेकडेने, पारिजातकाच्या बुंध्याशी, खराट्याच्या रेघा अजून तशाच होत्या. काका आत दाराआड मेलेले पडले होते आणि काकी माझ्यासमोर अंगण झाडत होती. मी घंटा ऐकेन, माझ्या मनात काकांचंच नाव येईल, आणि मग मला हे झाडणं आठवेल, एवढा सगळा विचार तिने करून ठेवला होता. मला ठाऊक असतं तर मी फिरले असते. म्हणून मला ठाऊक होऊ दिलं नाही. तिने आणि आईने, दोघींनी मिळून.

मी काकीपुढे जाऊन बसले. तिने माझ्या फ्रॉककडे बघितलं, मग तोंडाकडे. अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं विचारलं, "घेतलं त्यांनी?"

"घेतलं."

"पुरी दोन वर्षं?"

"पुरी."

"बरं झालं," ती म्हणाली. आणि मग तिने हंबरडा फोडला. काकांना नावाने हाका मारत, छाती बडवत, आमच्याकडच्या बायका रडतात तशी ती रडली. बायकांनी तिला धरलं. "रडली, रडली, मोकळी झाली एकदाची," त्या एकमेकींना म्हणत होत्या. सकाळपासून ती कशासाठी थांबली होती, ते त्यांना कुणी सांगितलं नाही.

त्या झाडलेल्या अंगणाचं बोलणं तिला पुढे जन्मभर ऐकावं लागलं. नवऱ्याचं मयत घरात असताना खराटा फिरवणारी बाई, असं. तिने कधी खुलासा केला नाही, आणि मलाही करू दिला नाही.

आई आतून काळा फ्रॉक घेऊन आली. "बदल जा," म्हणाली. मी आतल्या खोलीत जाऊन निळा फ्रॉक उतरवला आणि तो जुना काळा, काखेत घट्ट होणारा, डोक्यातून घातला. बाहीची शिवण कर्रकन उसवली. ती काकीने घातलेली शिवण होती. मी तिथेच जमिनीवर बसले आणि बाबांसाठी रडले, काकांसाठी रडले, वर्षभराचं सगळं रडले.